पंच म्हणजे किती?

४ नोव्हेंबर

शाईबाई,

आशीर्वाद नेहमीचेच. फक्त या खेपेला त्यांच्या मागे एक काम लागलंय, म्हणून ते जरा लगबगीने आलेत असं समज.

काल तू फोन केलास आणि मी "हो, हो, पोचलं" म्हणालो. काय पोचलं ते मला अजून कळलेलं नाही. फोन जवळ नेला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि मग पलीकडे भाची आहे की स्टेशनमास्तर, काही पत्ता लागत नाही. आपलं हे बरं. कागद शिट्टी मारत नाही.

काम आपल्या खारूचं आहे. तू माझ्या या नातीला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती रांगत होती. आता आठ वर्षांची आहे, दोन पायांवर आहे, पण जमिनीवर असते असं म्हणवत नाही. खार हे नाव मीच ठेवलं. तेव्हा तिच्यावर दोन ओळीही केल्या होत्या:

उन्हाच्या कवडशाला पाय फुटले,
खारीच्या मागे मागे तेही सुटले.

मात्रा जुळत नाहीत, माहीत आहे. खार धावताना मात्रा मोजत नाही.

तर वर्षभर तिच्या अंगावर फिकट डाग येताहेत. पाठीवर, मांड्यांवर, दंडांवर. आधी तांबूस पुळी येते, तिच्यावर पापुद्रा धरतो, आणि जाताना ती मागे फिकट ठिपका ठेवून जाते. ओल लागून भिंतीचा रंग उडावा तसा. पहिल्या डॉक्टरांनी इसब म्हणून मलम दिलं. दुसऱ्यांनी नायटा म्हणून. आम्ही दोन्ही मलमं मनोभावे चोळली. डागांनी एकाचाही मान राखला नाही.

गेल्या आठवड्यात तिला आणायला मी शाळेत जरा लवकर गेलो आणि कुंपणाशी उभा राहिलो. मुली हात धरून गोल करत होत्या. खारूच्या उजवीकडच्या मुलीने तिचा हात धरला नव्हता. बाही धरली होती. नुसती बाही, दोन बोटांच्या चिमटीत, ओला कपडा दोरीवरून काढावा तशी. मग आम्ही घरी निघालो. आम्ही दोघं वाटभर ढगांना नावं देत आलो. ठेवत नव्हे, देत.

आता आम्ही त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जातो. बाई चांगल्या आहेत. भिंग लावून डाग बघतात, आणि खारूशी बोलताना खाली बसून तिच्या उंचीवर येतात. परवा म्हणाल्या, "पंच बायोप्सी करू या. कातडीचा तुकडा काढून तपासायचा." तुकडा हा शब्द मी सहन केला असता गं, पण पंच! पंच म्हणजे काय हे जन्मभर वर्गाला समास सोडवायला लावणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. एवढ्याशा देहावर एवढं?

चिरंजीव आणि सूनबाई डॉक्टरांच्या बाजूने आहेत. पण खारूने जाहीर केलंय, "आजोबा हो म्हणाले तरच." म्हणजे माझ्या एका अक्षरावर सगळं अडलंय. तू जन्मभर प्रयोगशाळेत त्या भिंगाखालच्या काचांवर डोळा लावून बसतेस. तू सांग, म्हणू का ते अक्षर?

बाकी ठीक. खारू मोठी होत चालली. महिनाभर झाला, आंघोळ एकटी करते, दार लावून. बाहेर ऐकू येतं ते फक्त गाणं.

तुझा मामा

१३ नोव्हेंबर

मामा,

स्टेशनमास्तर बोलतेय. नमस्कार.

फोनवर मी सांगत होते की तुमच्यासाठी घेतलेली चादर अजून पाठवलेली नाही. तुम्ही "पोचलं" म्हणालात. मला फार बरं वाटलं.

आता खारूचं. आधी माझ्या खोलीत या. खोलीला छान खिडकी आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून बसते. माझ्याकडे माणूस येत नाही, त्याचा इवलासा तुकडा येतो, बाटलीत. तो आम्ही मेणात बसवतो, सिगरेटच्या कागदापेक्षाही पातळ काप काढतो, काचेवर पसरतो आणि रंगवतो. एक रंग जांभळा, एक गुलाबी. लहानपणी मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून दौत सांडायचे आणि निळी बोटं घेऊन घरी जायचे. त्यावरून तुम्ही मला शाई म्हणायला लागलात. सांडणं सुटलेलं नाही, फक्त आता त्याला नोकरी म्हणतात.

मुलांच्या अंगावरचे पुष्कळ आजार वरून सारखेच दिसतात. मैदानावर दुरून गणवेशातली मुलं दिसतात तसे. इसब कोणता, सोरायसिस कोणता, आणि तिसरंच काही कोणतं, ते कधी कधी आत जाऊन हजेरी घेतल्याशिवाय कळत नाही. मुलांना आम्ही उगाच टोचत नाही हो. बहुतेक वेळा डॉक्टरांच्या डोळ्यांनी भागतं. इथे दोन मलमं हरली, वर्ष गेलं, आणि तरीही बाई विचारून करतायत. म्हणजे विचार करूनच करतायत.

पंच म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे म्हणता, तेव्हा ते पुन्हा सांगत बसत नाही. जागा आधी बधिर करतात. त्या सुईचं दुखतं, मुंगी चावल्यासारखं. खरं सांगायचं तर मोठ्या मुंगीसारखं. पुढचं कळत नाही. एखादा टाका पडतो, बारीक वण राहतो.

एक विचारायचं होतं. नवीन पुळ्या येतायत का? जुना फिकट डाग म्हणजे पुसलेला फळा. खडूची धूळ राहते, अक्षर गेलेलं असतं. मलम न लागलेली ताजी पुळी मिळाली तर तिच्यात अख्खा धडा असतो.

म्हणा ते अक्षर, मामा. तिकडचे नमुने आमच्याच प्रयोगशाळेत येतात. मी इथे आहे.

तुमची शाई

२१ नोव्हेंबर

शाईबाई,

पत्र पोचलं. चादर पोचली नाही. या वेळी नीट चौकशी करून लिहितोय.

जुनी खोड तुला माहीत आहे. वाचताना मी बोटांवर मात्रा मोजतो. तुझ्या पत्रात एका जागी मात्रा कमी भरली. "इसब कोणता, सोरायसिस कोणता, आणि तिसरंच काही कोणतं." हे "तिसरंच काही" तू फार घाईने ओलांडलंस. लहानपणी कविता म्हणताना ओळ आठवली नाही की तू त्या जागी खोकायचीस. तो खोकला मला या वाक्यात ऐकू आला, यंत्राशिवाय. घरातही चिरंजीव आणि सूनबाई बोलता बोलता मी आलो की भाजीचा विषय काढतात. तेव्हा गाळलेली जागा भर. मार्क कापणार नाही.

नवीन पुळ्यांचं सूनबाईला विचारलं. म्हणाली, महिनाभरात एकही नाही. बिचारी खूश आहे. म्हणजे आमचे सगळे फळे पुसलेलेच.

आता मुख्य बातमी. मी हो म्हणालो. मागच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो. खारू बुटाच्या टोकाने एक खडा इकडून तिकडे ढकलत होती.

"आजोबा, पंच म्हणजे किती?"

"पंच म्हणजे पाच. पंचकोनाला कोन किती? पंचेंद्रियं किती?"

"म्हणजे माझे पाच तुकडे काढणार?"

"अगदी छोटे गं. मसुराएवढे. प्रत्येकाला एक टाका. शाईआत्याने लिहिलंय."

खडा थांबला. मला वाटलं, आता रडणार.

"कुठले पाच?"

"ते डॉक्टर ठरवतील."

"का? माझे आहेत."

शाई, याचं उत्तर तुझ्याकडे आहे?

"मीच निवडून देते," ती म्हणाली. "लिहायच्या हातावरचा नाही देणार. मांडीच्या मागचाही नाही, बाकावर बसताना टाका टोचेल. बाकीचे बघते." आणि माझ्या खिशातलं निळं पेन काढून घेऊन ती आत गेली. आरशाच्या खोलीचं दार लागलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती दमलेली, एखादं अवघड गणित सुटल्यासारखी. "झाले पाच," एवढंच म्हणाली.

पाच, शाई! हो तर मी म्हणून बसलो. पण तेव्हापासून मला माझाच सदरा टोचतो आहे. पुढच्या आठवड्यात जायचंय.

मामा

२८ नोव्हेंबर

मामा! अहो मामा!

एक! एकच तुकडा! पाच नाहीत!

पंच म्हणजे तुमचा द्विगु समास नव्हे हो. कार्यालयात कागदाला फायलीसाठी भोकं पाडतात ना, तो पंच! तशीच एक इवलीशी नळी असते, पेन्सिलीपेक्षाही बारीक तोंडाची. ती टेकवून फिरवली की एक गोल तुकडा निघतो. तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावर आमचे सर भिंगातून डोळा काढून बघायला लागले. मग त्यांनाही वाचून दाखवलं. तेही हसले. "का? माझे आहेत" इथे आलो तेव्हा मात्र चष्मा पुसत बसले.

मी ताबडतोब वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, आम्ही आत्ताच दवाखान्यातून आलो. पण बाबांनी बजावलंय, एक शब्द सांगायचा नाही, ते स्वतः पत्रात लिहिणार आहेत." तेव्हा पंचाचा उलगडा तुम्हाला झालाच असणार. तरी मी आपलं ओरडून घेतलं.

आता गाळलेली जागा. खोकला तुम्ही बरोबर पकडलात.

असे फिकट डाग वर्षभर हटत नाहीत तेव्हा आमच्या मनात एक नाव येतं. कातडीत गस्त घालणाऱ्या राखणदार पेशी असतात. क्वचित त्याच बिघडतात आणि तिथेच वस्ती करून वाढायला लागतात. तो कर्करोगाचा एक प्रकार आहे, संथ चालीचा. मुलांमध्ये विरळा, फार विरळा, आणि लवकर कळला तर उपाय चांगले आहेत. पण वरून तो असाच दिसू शकतो. तो नाही, हे काचेवर पाहिल्याशिवाय कुणीही शपथेवर सांगणार नाही. बाईंनी दादा-वहिनीला हे सांगितलं असणार. तुम्हाला झेपणार नाही असं सगळ्यांनी आपापलं ठरवलं, आणि त्यात मीही सामील झाले. ज्यांनी मला वाक्य पूर्ण करायला शिकवलं त्यांनाच मी अर्धं वाक्य पाठवलं.

मार्क कापाच.

शाई

३ डिसेंबर

शाईबाई,

कापला. अर्धा. बाकीच्या अर्ध्याला मी जबाबदार. मी येता-जाता सुस्कारेच इतके सोडतो की लोकांनी मला जपलं नाही तरच नवल.

तुझी ती ओळ वाचून मी पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. खारू दोरीवरच्या उड्या मारत होती. ओळ गाळलेली होती तेव्हा भीती घरभर पसरली होती, कुठे पाय ठेवावा कळत नव्हतं. आता ती एका ओळीत मावते. तेवढं बरं वाटलं, खरंच.

आता दवाखाना. सूनबाईला मी तोंड उघडू दिलं नाही, कारण ही गोष्ट माझ्या फजितीची आहे आणि माझी फजिती मीच सांगणार.

उंच टेबल, त्यावर कागदाची चादर, भिंतीवर कातडी आडवी कापून दाखवलेलं मोठं चित्र. खारूने आधी ते सगळं वाचून काढलं. "ही केसांची मुळं? कांद्यांसारखी आहेत." बाई म्हणाल्या, "चला खारूताई, कुठला घेऊ या?" तशी हिने शर्टाची बटणं काढली. अंगावर निळ्या पेनाची वर्तुळं, रोज आंघोळीनंतर पुन्हा गिरवलेली. आत आकडे, एक ते पाच.

"हे काय गं?"

"तुमचे पाच."

"माझे पाच?"

"पंच म्हणजे पाच." खारूने माझ्याकडे बोट केलं. "आजोबा भाषेचे सर होते."

बाई माझ्याकडे बघतायत, मी छताकडे. मग त्यांनी ती नळी काढून माझ्या नाकासमोर धरली. "सर, हा पंच. आणि तुकडा एक." चिरंजीव बाहेर जाऊन हसून आले. सूनबाईने तोंडावर हात धरला. चिडली ती फक्त खारू.

"एकच? मग मी एवढा विचार कशाला केला? चौथ्याचं तर मला किती वाईट वाटत होतं!"

"का गं, चौथ्याचंच का?"

"तो नवीन आहे."

खोलीतलं हसू तिथल्या तिथे थांबलं.

चौथं वर्तुळ डाव्या काखेच्या कडेला होतं, हात वर केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. बाईंनी भिंग लावलं. तांबूस पुळी, तिच्यावर अभ्रकासारखा चकाकता पापुद्रा. बाईंनी तो अलगद उचलला तर अख्खाच सुटून आला. त्याच अंगाला मागे आणखी दोन. मलमाचं बोटसुद्धा लागलेलं नाही.

"हे कधी आले?" बाईंनी विचारलं.

"हा, मी वर्तुळं काढली त्याच्या आदल्या दिवशी. ते दोन त्याच्या आधी."

सूनबाई म्हणाली, "मग मला का नाही दाखवलेस?"

"नवीन दिसला की तुझा चेहरा असा होतो." आणि तिने तो करून दाखवला. शाई, हुबेहूब गं. ओठ मिटलेले आणि डोळे हसायची धडपड करणारे. "म्हणून मी आंघोळ एकटी करायला लागले. आणि गाणं म्हणायचे, म्हणजे तुला वाटेल मी मजेत आहे."

ते गाणं मी तुला कौतुकाने कळवलं होतं. मोठी होत चालली म्हणून!

सूनबाईने तिला जवळ घेतलं. कानात काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि या वेळी दोष यंत्राचा नव्हता. बाई पाठ फिरवून हातमोजे घालत राहिल्या. हातमोजे घालायला कुणाला इतका वेळ लागत नाही. मग वळून म्हणाल्या, "हाच घेऊ या, चौथा. बाकीच्यांत मला काही मिळालं नसतं. चालेल?" खारूने जरा विचार करून मान हलवली.

सुई आली तशी ती म्हणाली, "आजोबा, कविता म्हणा." शाई, जन्मभर ज्या कवितांनी माझी पाठ सोडली नाही, त्यातली एक जागेवर असेल तर शपथ. घंटा झाल्यासारख्या सगळ्या वर्गाबाहेर पळाल्या. तोंडातून आलं ते, "पाच एके पाच, पाच दुणे दहा."

"ही कविता नाहीये," खारू डोळे मिटून म्हणाली. पण म्हणायला लागली. चिरंजीवही लागले. "पाच पंचे" आलं आणि सगळेच फुटलो. बाईंना हात थांबवावा लागला. पाच नव्वे पंचेचाळीसला त्या म्हणाल्या, "झालं." पाच दाहे पन्नास तसंच राहिलं.

तुकडा खरंच मसुराएवढा. बाटलीच्या तळाशी जाऊन बसला. खारूने त्याला टाटा केला.

तो तुझ्याकडे निघालाय. नीट वागव त्याला.

मामा

१४ डिसेंबर

मामा,

हो, हो, पोचला.

तुम्ही गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचता, म्हणून शेवट आधी सांगते. ते नाव नाही. मी पाहिलं, सरांनी पाहिलं, खास रंग लावूनही पाहिलं. नाही.

आता पाणी प्या आणि पुढचं वाचा.

काच तयार झाली तेव्हा मी ती सरांच्या तबकात ठेवली, कुणाची ते न सांगता. काचेवर नाव नसतं, आकडा असतो. आपल्या माणसाच्या तुकड्यावर डोळा ठरत नाही, मामा. सर बराच वेळ बघत होते. मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ करत होते, ज्या आधीच सरळ होत्या. मग ते म्हणाले, "ये, बघ. सुंदर आहे." आमच्याकडे सुंदर म्हणजे स्पष्ट.

वरच्या थराच्या काठाशी राखणदार पेशींची गर्दी होती, जांभळे ठिपके नुसते. थोड्या तांबड्या पेशी वाट चुकून वर चढलेल्या. पण पेशी बघाल तर गोल, लहान, शहाण्या चेहऱ्याच्या. एकही वेडीवाकडी नाही. मधल्या सुट्टीत होतो तसला गलका होता. बिघडलेलं कुणी नव्हतं. जुन्या डागातून तुकडा आला असता तर सरांनी "नक्की सांगता येत नाही" असं लिहिलं असतं आणि खारूला पुन्हा सुई बसली असती. आणि काचही एकटी बोलत नाही बरं का. पुळ्या कशा येतात, पापुद्रा कसा सुटतो, हे बाईंनी सोबत लिहिलं होतं. दोन्ही जुळलं तेव्हा सरांनी सही केली.

आजाराचं नाव लांबलचक आहे, बाई सांगतील. अर्थ एवढाच की राखणदार काही कारण नसताना शिट्ट्या मारतायत, तुमच्या कानातल्या यंत्रासारखे. खारूपासून कुणाला काही लागत नाही. हे बाईंकडून लिहून घ्या आणि शाळेत द्या. जायला मात्र वेळ घेईल. काही महिने, कदाचित वर्षं. नवे येतील, जुने मावळतील. बाई दरवर्षी नीट तपासत राहतील, आणि एखादा डाग वेगळा वागला तर पुन्हा तुकडा. एकच.

औषधं दोन. एक पातळ, गोड. दुसरं ऊन. थट्टा नाही, खरंच ऊन. बाई सांगतील तेवढाच वेळ, उघड्या हातापायांवर. त्याने भागलं नाही तर दवाखान्यात दिव्यांची पेटी असते. पण आधी तुमच्या त्या कवडशाला कामाला लावा. फार वर्षं नुसता कवितेत बसून आहे.

शेवटी सरांना सांगितलं, काच कुणाची ते. म्हणाले, "ती पाच देणारी?" आणि काच पुन्हा लावून बघत बसले. काही कारण नव्हतं.

तुमची शाई

१८ मार्च

शाईबाई,

चादर पोचली. या वेळी खरोखर. पांघरूनच लिहितो आहे.

मधे पत्र नाही म्हणून काळजी केली असशील. सांगण्यासारखं रोज काहीतरी घडत होतं, म्हणून लिहायला बसणं झालं नाही.

आंघोळीचं दार आता उघडं असतं. मायलेकी मिळून नवे डाग शोधतात. सापडला की सूनबाई मुद्दाम एक भयंकर चेहरा करते, डोळे वटारून, जीभ बाहेर काढून. खारूने त्याला मंजुरी दिली आहे. "हा चेहरा चालेल," म्हणते. परवा एक नवा आला. पाठीवरचे काही पुसट होत चाललेत. मला तसं दिसतं, आणि बाई मोजून तेच म्हणाल्या, म्हणून लिहितो.

रोज सकाळी आम्ही मागच्या पायरीवर बसतो. ती उन्हात, मी कडेच्या सावलीत. पूर्वी कवडसा तिच्या मागे धावायचा. आता ऊन सरकलं की ती त्याच्या मागे पायरी-पायरीने सरकते. दुसरी ओळ बदलायला हवी. अजून सुचलेली नाही. घाई नाही.

तिचं पत्र सोबत आहे. शुद्धलेखन तपासलेलं नाही. हात शिवशिवत होते, पेनही उघडलं होतं, पण ती म्हणाली, "का? माझं आहे."

मामा

प्रिय शाईआत्या,

माझा तुकडा बघीतलास म्हणून थँक्यू. तो जांभळा झाला का? मला फोटो पाठव. तो परत नको. तुझ्याकडे ठेव. त्याच्या जागी आता एक छोटी रेघ आहे.

बाकीची चार वर्तूळं आंघोळीत गेली. पण कुठली होती ते माझ्या लक्षात आहे. कधी लागली तर सांग.

डॉक्टरबाईंचा कागद आमच्या वर्गात वाचून दाखवला. लागत नाही असं त्यात लिहिलंय. तरी गोल करताना माझ्या शेजारची मुलगी माझी बाहीच धरायची. पण आता मला ऊन घ्यायचं असतं म्हणून मी बिनबाह्यांचा फ्रॉक घालते. काल गोल करायचा होता तर तिने हात पुढे केला आणि बाहीच नव्हती. तिने वर पण शोधली. सगळ्या ओरडत होत्या, धर ना, धर ना, गोल होत नाहीये.

मग तिने माझा हात धरला.

तिचा गार होता. माझा उन्हातला होता.

खारू